सोळा दारांची एक सोसायटी: नोंदणीपासून मिळकत पत्रिकेपर्यंत

सांगलीत आयर्विन पुलापासून फार लांब नसलेल्या आमच्या इमारतीच्या मिळकत पत्रिकेवर (शहरातल्या जमिनीच्या मालकीचा उतारा) मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थेचं नाव लागलं. चौदा फ्लॅट आणि रस्त्याच्या तोंडाला दोन गाळे, अशी सोळा दारं. पहिली बैठक झाली होती जानेवारी २०२२ मध्ये. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये २०१०-१५ च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या अशा कितीतरी इमारती आहेत. फ्लॅटचा करारनामा प्रत्येकाच्या कपाटात असतो, पण जिना, टाकी, गच्ची आणि खालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहिलेलं नसतं. तिथल्या रहिवाशांना उपयोगी पडावा म्हणून सगळा क्रम, खर्च आणि अडलेल्या जागा इथे लिहिल्या आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पार्किंगमध्ये पाणी भरलं, बोअरची मोटर गेली, मीटरचं पॅनेल गेलं, लिफ्टच्या खड्ड्यात गाळ बसला. गाळ्यांचे पंचनामे झाले. सामायिक नुकसानीबद्दल विचारायला मात्र कोणी माणूसच नव्हता. जिन्याचा वीजमीटर बिल्डरच्या नावावर, त्यामुळे महावितरणकडे अर्ज कोणी करायचा ते ठरेना. इमारतीचा विमा काढायचा तर कोणाच्या नावाने? शेवटी चार-पाच घरांनी पैसे घालून मोटर बसवली. बाकीच्यांना ‘हिशेब कुठाय’ असं वाटत राहिलं, आणि हिशेब ठेवणं हे कोणाचंच काम नव्हतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढलं तेव्हा त्याच घरांनी हात आखडता घेतला. त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

शेजार नव्हता असं मुळीच नाही. गणपतीची आरती एकत्र, दवाखान्यात कोणी असलं की डबा पोचायचा, मयताला सगळे खांदा द्यायला. हा शेजार खराच होता. पण गोडीगुलाबीवर मोटर दुरुस्त होत नाही. त्याला ठरलेली रक्कम लागते, पावती लागते, आणि ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्याचं म्हणणं लिहून घेणारी एक वही लागते. ती वही मिळवण्यासाठीच ही सगळी खटपट.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: तुमची इमारत सोसायटीच्या वाटेने जायची आहे की अपार्टमेंटच्या. आपल्याकडे, मुंबईबाहेर, बऱ्याच बिल्डरांनी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवून ठेवलेलं असतं. ते झालेलं असेल तर प्रत्येकाच्या नावे अपार्टमेंट डीड होतं आणि पुढची वाट वेगळी होते. करारनाम्यात शेवटच्या पानांकडे बहुधा ‘सहकारी संस्था किंवा अपार्टमेंट’ असं मोघम लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा किंवा जिथे दस्त नोंदले जातात त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून शोध घ्या, आणि घोषणापत्र नोंदलेलं आहे का ते बघा. आमचं नोंदलेलं नव्हतं, म्हणून सोसायटीची वाट मोकळी होती. हा शोध राहून गेला तर पुढची सगळी फाइल फुकट जाऊ शकते.

नियमाचं गणित असं: गृहनिर्माण संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान पाच जण किंवा मंजूर नकाशातल्या एकूण सदनिकांच्या ५१ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढे लोक लागतात. सोळांचे ५१ टक्के म्हणजे ८.१६, म्हणजेच नऊ सह्या. नऊ झाल्या की फाइल पुढे सरकते, हे कायद्याने बरोबर आहे. तरी आमचा आग्रहाचा सल्ला असा की नवावर थांबू नये. उरलेले सात जण पुढे दहा वर्षं ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही’ म्हणत राहतात, आणि मेंटेनन्स थकतो तो नेमका तिथेच. सगळ्यांच्या सह्या व्हायला उन्हाळा लागला. तेवढा वेळ द्यावा.

सह्या गोळा करणं हे या प्रक्रियेतलं सगळ्यात किचकट काम आहे, कारण इथे कागद आणि माणसं एकदमच समोर येतात. दर घराकडून करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), आधार आणि पॅन घ्यायचं. मग फटी दिसायला लागतात. करारनाम्यात ‘बाळासाहेब’ आणि आधारवर ‘बाळकृष्ण’. फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावे, पण माहिती एकाचीच भरलेली. मूळ घेणारा वारला आहे आणि वारसांनी पुढे काहीच केलेलं नाही. कर्ज चालू असल्याने मूळ कागद बँकेत. यांतलं काहीही अडून बसण्यासारखं नसतं, पण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. नावातल्या फरकाला एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. बँकेत कागद असतील तर दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल. संयुक्त मालकी असेल तर दोघांची नावं, आणि ज्याचं नाव आधी त्याला मत. वारसांच्या बाबतीत घाई नको. त्यांच्या घरातलं आधी मिटू द्यावं, आणि त्यांना वगळून फाइल पुढे नेऊन ठेवावी. सभासद नंतरही करून घेता येतो.

घराघरांत बसून हे अर्ज भरताना लोक बोलते होतात. तिसऱ्या मजल्यावरचे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारे गृहस्थ आणि त्यांच्या समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका, दोघांनाही एकमेकांचं पूर्ण नाव अर्जावरच पहिल्यांदा कळलं. दहा वर्षं समोरासमोर राहून. पुण्यात नोकरीला असलेल्या मालकांशी फोनवर बोलताना कळलं की त्यांच्या भाडेकरूंनीच पुरात मोटरचा स्विच बंद करायला धावपळ केली होती. भाडेकरूंना मत नसतं, पण बैठकीला त्यांना बोलवावं असं तेव्हाच ठरलं. इमारतीत दिवसभर असतात ते तेच.

पहिल्या बैठकीत मुख्य प्रवर्तक, म्हणजे चीफ प्रमोटर, निवडायचा आणि संस्थेची दोन-तीन नावं सुचवायची. त्या बैठकीचं इतिवृत्त सह्यांसकट जोडून उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे नाव राखून ठेवण्यासाठी आणि बँकेत खातं उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज जातो. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, हे लक्षात ठेवून तालुक्याचं कार्यालय गाठायचं. नाव ठराविक मुदतीपुरतंच राखलेलं असतं, म्हणून नाव मिळण्याआधी बाकीची फाइल निम्मी तयार हवी. प्रवर्तक निवडताना मोठ्या आवाजाचा माणूस नको, दुपारी वेळ असलेला आणि कागद जपून ठेवणारा हवा.

खातं बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत उघडायला सांगतात. दर सभासदाचे ५०० रुपये भागाचे (५० रुपयांचे दहा शेअर) आणि १०० रुपये प्रवेश फी, म्हणजे ६०० रुपये. सोळांचे झाले ९,६००. बँकेचा शिलकीचा दाखला फाइलला लागतो. नोंदणी फी २,५०० रुपये, चलनाने. त्याशिवाय स्टँप पेपर, नोटरी, झेरॉक्स, आणि मदतनीस घेतला तर त्याचे पैसे. मदतनीसाची रक्कम आधी कागदावर लिहून घ्यावी. ‘बघू, होईल ते’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

फाइलमध्ये नमुना अ मधला अर्ज, सभासदांची यादी, आदर्श उपविधीच्या, म्हणजे संस्थेच्या नमुना नियमावलीच्या प्रती, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, महापालिकेचा मंजूर नकाशा, विकसन करारनामा, टायटलचा शोध अहवाल, एका सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याची प्रत आणि प्रवर्तकांची प्रतिज्ञापत्रं असा ऐवज असतो. बिल्डर सहकार्य करत असेल तर त्याचीही प्रतिज्ञापत्रं जोडतात. आमच्या बिल्डरने पत्रांना उत्तरच दिलं नाही. अशा वेळी घाबरून जायचं कारण नाही. मोफा, म्हणजे १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याच्या कलम १० मध्ये याची सोय आहे. बिल्डर संस्था करून देत नसेल तर सदनिकाधारक स्वतः अर्ज करू शकतात. निबंधक बिल्डरला नोटीस काढून म्हणणं मांडायची संधी देतात आणि मग निर्णय घेतात. यासाठी आधी बिल्डरला पोच मिळेल अशा टपालाने पत्र गेलेलं असावं लागतं. व्हॉट्सअॅपवरचे निरोप इथे कामाला येत नाहीत. पोस्टाची पावती आणि पोच, दोन्ही चिकटवून ठेवा. परत आलेलं पाकीट तर फोडायचंच नाही, तसंच फाइलला लावायचं. (रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, लागू असलेल्या नव्या इमारतींत ५१ टक्के खरेदीदारांनी नोंदणी केली की तीन महिन्यांत संस्थेसाठी अर्ज करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तिथले लोक यातून लवकर सुटावेत.)

फाइल दाखल केली जूनमध्ये. त्रुटीपत्र आलं, दुरुस्त्या झाल्या, सुनावणीच्या तारखा पडल्या. या काळात इमारतीत संशय वाढतो. ‘पैसे घेतले, झालं काय?’ असं जिन्यात बोललं जातं. त्यावर एकच उपाय लागू पडला: तळमजल्यावर फळा लावून त्यावर फाइल कुठे आहे आणि आजवर किती खर्च झाला हे दर पंधरवड्याला लिहायचं. काही घडलं नसलं तरी ‘काही घडलं नाही’ असं लिहायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रमाणपत्र हातात आलं. त्या दिवशी वाटलेला आनंद खरा होता, तो लपवायचं कारण नाही. दोन्ही गाळेवाल्यांनी दुकानं अर्धा तास बंद ठेवून पेढे वाटले.

नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आमच्या मते संस्था नोंदली जाते निबंधकांकडे, पण ती उभी राहते या सभेत. गणपूर्ती म्हणजे कोरम, दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतलं जे कमी ते. आमच्यासाठी अकरा. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी, विशेष सभेची पाच दिवस आधी. नोटीस दारात हातोहात देऊन सही घ्यावी.

खरा वाद पैशाच्या वाटणीवर होतो. पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आम्ही लिफ्ट वापरत नाही. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, आम्ही दोघंच राहतो. गाळेवाल्यांचं म्हणणं, आम्हाला पाण्याचा एकच नळ. इथे आवाज चढण्याआधी उपविधीचं पुस्तक उघडावं. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्याची वीज, ऑफिसखर्च, हे सगळ्यांना समान, क्षेत्रफळावर नाही. लिफ्टचा खर्चही सगळ्यांना समान, वापरा किंवा न वापरा. पाणी नळांच्या संख्येप्रमाणे. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत सोडून. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. थकबाकीवर व्याज सरळव्याजाने, कमाल २१ टक्के.

लिफ्टचा मुद्दा तेवढ्याने मिटला नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी आपला विरोध लिहून घ्यायला सांगितला आणि तो त्यांच्याच शब्दांत लिहिला गेला. पुढच्या महिन्यापासून त्यांनी लिफ्टसकट पूर्ण रक्कम भरली, एकदाही न चुकवता. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: फक्त ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलेलं वहीचं पान माणसांना बाहेर ठेवतं. सूचक, अनुमोदक, विरोध आणि त्याचं कारण, चारही लिहा.

याच सभेत पुराचा ठराव झाला आणि तो इतर कुठल्याही ठरावापेक्षा जास्त उपयोगी आहे, म्हणून पूर्ण देतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर आलं की पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या उंच भागात हलवायच्या. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ती नावं फळ्यावर लावलेली असतात. त्याच वेळी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची, कारण नंतर मोटर चालणार नाही. पाणी ४५ च्या दिशेने निघालं की मोटर सोडवून पहिल्या मजल्यावर आणायची, लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन तिचा मेन स्विच बंद करायचा, आणि गाळ्यांतला माल चढवायला प्रत्येक घरातून एक माणूस यायचा. औषधांवर असलेल्या ज्येष्ठांची यादी दोन घरांत. दुरुस्ती निधीतून पहिला मोठा खर्च केला तो मीटरचं पॅनेल २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घेण्याचा. मीटर हलवणं हे खाजगी वायरमनचं काम नाही. महावितरणकडे रीतसर अर्ज करून, अंदाजपत्रक भरूनच करायचं. संस्थेच्या नावाने पॅन आणि नोंदणी प्रमाणपत्र असल्यामुळे सामायिक मीटरचं नाव बदलणंही त्याच सुमाराला झालं.

यानंतर जमीन. संस्था नोंदली म्हणजे जमीन संस्थेची झाली असा समज सर्रास असतो. तसं होत नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण, लोक ज्याला कन्व्हेयन्स म्हणतात, ते वेगळं करावं लागतं, आणि बिल्डर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्याशिवाय सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारं. मोफाच्या कलम ११ खाली हा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये जातो, २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह. जोडायला संस्थेचं प्रमाणपत्र, सर्व सभासदांच्या इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बिल्डरला दिलेली नोटीस, शोध अहवाल आणि आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या इमारतींना स्वयंघोषणापत्राची सोय आहे, तेवढ्यासाठी थांबून राहू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मूळ जमीनमालकांच्या बाबतीत. बिल्डरने जमीन विकसनासाठी घेतलेली असते, पत्रिकेवर नाव मूळ मालकाचंच. तो वारला असेल तर प्रत्येक वारसाला पक्षकार करून नोटीस पोचवावी लागते. एक पत्ता चुकला की तारीख पुढे जाते. म्हणून अर्ज करण्याआधी ताजी मिळकत पत्रिका काढा, वारसांची नावं तिच्याशी पडताळा, आणि शक्य असेल तिथे प्रत्यक्ष जाऊन भेटा. आमच्याकडच्या वारसांपैकी बहुतेकांची काहीच हरकत नव्हती. त्यांना नुसती नोटीस आल्याने धास्ती वाटली होती. दोन ज्येष्ठ सभासद घरी जाऊन समजावून आल्यावर त्यांनी लेखी ना-हरकत दिली.

अर्ज गेला जून २०२३ मध्ये, आदेश आणि प्रमाणपत्र आलं २०२४ च्या फेब्रुवारीत. त्यापुढे अभिहस्तांतरण दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती मुद्रांक लागतो ते ठरवून घ्यायला, जातो. सदनिका घेताना सगळ्यांनी पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर ते इथे धरलं जातं. ज्यांच्या करारनाम्यावर कमी मुद्रांक असेल त्यांची तूट आणि दंड इथे निघतो. तो त्या घराने भरायचा की सगळ्यांनी, हे आधीच ठरावात लिहून ठेवा. मग दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदणी. बिल्डर सही करत नसला तरी त्याच्या वतीने प्राधिकृत अधिकारी सही करतात. शेवटी नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा, म्हणजे पत्रिकेवरचं नाव बदलण्याचा अर्ज. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि दस्त नोंदलेला असूनही पत्रिकेवर जुनंच नाव राहतं.

आता दरवर्षीचं काम उरतं: ३१ मार्चला वह्या बंद, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. सभासदसंख्या २५० पर्यंत असलेल्या संस्थांना समितीची निवडणूक स्वतःच घेता येते. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव. आमच्या सेक्रेटरी त्या शिक्षिकाच आहेत, आणि हिशेब हळदीच्या अडतीवरचे गृहस्थ बघतात. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, आदेश आणि नोंदणीकृत दस्त बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत. लॉकर दोघांच्या सहीने उघडतो. स्कॅन केलेल्या प्रती सोळाही घरांना दिल्या आहेत. तुम्हीही त्या द्या, आणि फ्लॅट विकला गेला तर नव्या मालकाला किल्लीबरोबरच त्यांचा एक संच हातात पडेल असं बघा.